जुना ट्रक: आधी बॉडी वाचा, मग हात लावा

बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, साखर कारखान्याच्या यार्डात, एखाद्या वखारीच्या मागच्या अंगणात जुने ट्रक अजून उभे आहेत. कुणाच्या आजोबांनी घेतलेला फार्गो, कुणाच्या काकांची टाटा-मर्सिडीज. घरातल्या कुणाला तरी वाटते की गाडी आता नीट करून घ्यावी. हौस खरी असते, थोडा पैसाही हाताशी असतो, आणि काम सुरू होते ते थेट घासकामापासून. महिना-दोन महिन्यांत गाडी चकचकीत होते. पण तोवर जुन्या फळ्या जळणात गेलेल्या असतात, पत्रा भंगारात गेलेला असतो आणि दारावरचे नाव रंगाखाली गाडले गेलेले असते. एवढा खर्च करून मालकाच्या हाती जुन्या चासीवरची नवी बॉडी उरते.

हे टाळायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो: आधी तपासणी, मग निर्णय, मग काम. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

कारखान्यातून काय यायचे, मिस्त्रीकडे काय बनायचे

जुन्या मोटारीची बॉडी कारखान्यातच बनलेली असते. कॅटलॉग शोधला, फोटो ताडून पाहिला की मूळ काय ते कळते. भारतातल्या जुन्या ट्रकला हा मार्ग लागू पडत नाही. आपल्याकडे बहुतेक ट्रक कारखान्यातून अर्धेच बाहेर पडत. चासी, इंजिन, चाके, बॉनेट, पुढची जाळी, पुढचे मडगार्ड आणि डॅशबोर्ड एवढाच ऐवज मालकाच्या ताब्यात येई. ड्रायव्हर त्याच उघड्या सांगाड्यावर कामचलाऊ बैठक करून, डोक्याला फडके गुंडाळून गाडी बॉडी बांधणाऱ्याकडे नेत असे. केबिन, हौदा, फाळका, टप हे सारे तिथे सुतार, लोहार आणि पेंटर मिळून बनवत. ऊस वाहणाऱ्याला वेगळा हौदा लागे, कापसाच्या गाठी वाहणाऱ्याला वेगळा, वाळूवाल्याला आणखी वेगळा. त्यामुळे एकाच महिन्यात एकाच शोरूममधून निघालेल्या दोन गाड्या रस्त्यावर आल्यावर एकसारख्या दिसतीलच असे नसे.

म्हणून आपल्या ट्रकची मूळ बॉडी म्हणजे पहिल्या मालकाने पहिल्या नोंदणीच्या वेळी बांधून घेतलेली बॉडी. तिचा नकाशा छापील पुस्तकात मिळत नाही. जो काही पुरावा आहे तो गाडीच्या अंगावर आणि घरातल्या कागदांत आहे, आणि घाईच्या साफसफाईत तोच सर्वांत आधी जातो.

लष्करी गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने विकलेल्या, ज्यांना लोक ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत, त्यांच्यात कॅनडात बनलेले शेवर्ले आणि फोर्ड पुष्कळ होते. आखूड, बोथट नाक आणि (शेवटच्या नमुन्याच्या केबिनवर) खालून आत कललेली पुढची काच ही त्यांची ओळख. या गाड्यांना लष्कराने ठरवलेल्या नमुन्याची बॉडी असे आणि तशी धातूची पट्टीही असे. मात्र मुलकी मालकाच्या हाती आल्यावर यांतल्या अनेकांची बॉडी इथे नव्याने बांधली गेली.

गाडीचे घराणे ठरवा

बॉडीकडे वळण्याआधी चासी कोणाची हे पक्के करा. जाळीवरचे चिन्ह पुरेसे नाही; ते दोन स्क्रूंवर बसलेले असते आणि सहज बदलते.

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना सुरू केला. शेवर्ले आणि बेडफर्ड ट्रक तिथून निघत. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्यांनाच परवानगी, असे धोरण १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर आले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीही इथली जुळणी गुंडाळली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो बाहेर पडत. हे तिन्ही ट्रक मुळात एकच. नावाची पट्टी आणि दर्शनी किरकोळ भाग काय ते वेगळे. तेव्हा फार्गोला डॉजचे बॉनेट दिसले तर ते दुरुस्तीत आले असण्याची शक्यता धरा, पण चासी बनावट म्हणून मोकळे होऊ नका.

टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तीच टाटा-मर्सिडीज-बेंझ, तिचा गाजलेला नमुना ३१२. करार १९६९ मध्ये संपला आणि जाळीवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटाचे ‘टी’ चिन्ह आले. दक्षिणेत अशोक लेलँडचा कॉमेट होता.

घराणे कळले की एक साधे हत्यार हाती येते: पाना. टाटा-मर्सिडीजच्या चासीवर कारखान्यातले बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे असतात. अमेरिकी डॉज-शेवर्लेचे इंची, आणि जुन्या ब्रिटिश बेडफर्ड-लेलँडवर व्हिटवर्थ घराण्याचे आटे भेटतात. बॉडी बांधणारे मात्र बाजारात मिळणारे तीन सुती, चार सुती बोल्ट वापरत. त्यामुळे टाटा-मर्सिडीजवर जिथे मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, तिथून मिस्त्रीचे काम सुरू झाले असे समजायला हरकत नाही. प्रत्येक बोल्टाला कुठला पाना लागला ते लिहून ठेवा. अर्ध्या दिवसात कारखाना आणि मिस्त्री यांच्यातली सीमारेषा कागदावर उतरते.

कागद: आरसी बुकापासून पूजेच्या फोटोपर्यंत

जुन्या आरसी बुकात चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचे वर्ष असते. त्याखेरीज दोन रकाने फार मोलाचे: बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचे वजन. गाडी चालती किंवा ओढून नेण्याजोगी असेल तर जवळच्या वजनकाट्यावर रिकामी तोलून घ्या. आरसीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा जवळपास जुळला तर बॉडीची जात बदललेली नाही, असे म्हणायला आधार मिळतो. अर्ध्या टनाचा फरक निघाला तर लाकडाच्या जागी लोखंड आले आहे, चासी लांबवली आहे किंवा हौदा मोठा केला आहे, यांपैकी काहीतरी घडले आहे.

क्रमांकाची पाटीही बोलते. १९६० पूर्वीच्या मुंबई राज्यातल्या गाड्यांचे क्रमांक इंग्रजी ‘बी’पासून सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’पासून. गोव्यातल्या जुन्या गाड्यांवर ‘जीडी’ ही अक्षरे दिसतात. ‘एमएच-१२’ धर्तीची पद्धत १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला त्या सुमाराची. आजच्या पाटीखाली जुना क्रमांक रंगवलेला सापडला तर गाडी कुठल्या जिल्ह्यातून आली याचा माग लागतो.

घरातल्या ट्रंकेत शोधायच्या वस्तू: बॉडी बांधल्याचे बिल, परमिट, विम्याचा कागद, कर्जाचे हप्ते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी आली त्या दिवशीचा पूजेचा फोटो. हार घातलेल्या नव्या ट्रकसमोर सारे घर उभे, असा फोटो पुष्कळ घरांत असतो. तो मोठा करून पाहा. फळ्या किती, फाळक्याच्या बिजागऱ्या किती, काच एक की दोन तुकड्यांची, दाराला खिडकी आहे की नुसती पडदी, हे सारे एका फोटोत मिळते. फोटो घरात नसेल तर जुन्या ड्रायव्हरच्या किंवा क्लीनरच्या घरी विचारा. त्यांच्याकडे गाडीचा फोटो असण्याची शक्यता मालकापेक्षा जास्त.

चासीवरच्या खुणा

आता गाडीखाली शिरा. चांगला टॉर्च, लांब टेप आणि खडू एवढे पुरे.

पहिले माप व्हीलबेसचे: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. टाटाच्या नंतरच्या मॉडेलांच्या नावातच हे माप लपलेले आहे. ‘१२१०/४२’ म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन, शंभराच्या आसपास अश्वशक्ती आणि ४.२ मीटर व्हीलबेस. माप जुळले नाही तर चासीच्या उभ्या पट्ट्यांवर जोड शोधा: वेल्डिंगची उंच रेघ, आतून लावलेली जाड पट्टी, कारखान्याच्या रिव्हेटांमध्ये अचानक आलेले बोल्ट. मागचा भाग कापलेला दिसला आणि व्हीलबेस मोठा असला तर ही चासी आधी बसची असण्याचाही विचार करा. एकाच चासीवर ट्रक आणि बस दोन्ही बांधत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली गाडी बेडफर्डचीच होती.

दुसरी खूण भोकांची. कारखान्यातली भोके गुळगुळीत, एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखी. गॅस कटरने पाडलेल्या भोकाची कड वितळलेली असते, हाताच्या ड्रिलची भोके रांग सोडतात. चांगला मिस्त्री चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडत नसे, कारण तिथेच चासी तडकते. तो हौद्याच्या उभ्या तुळया लाकडी पॅकिंग देऊन यू-बोल्टांनी आवळत असे. जुने यू-बोल्ट जिथे बसले तिथे पट्टीच्या कडेला झिजलेल्या खाचा राहतात. आताच्या यू-बोल्टांपासून दूर अशा जुन्या खाचा दिसल्या तर हौदा निदान एकदा उतरला आहे. खाचांची एकच जोडी असेल आणि बोल्ट तिच्यातच बसलेले असतील तर बॉडी पहिली असण्याची शक्यता वाढते.

तिसरी खूण सावलीची. पॅकिंगखाली झाकलेल्या पट्टीवर कारखान्याचा पहिला रंग बहुधा शाबूत राहतो. त्या ठशाची लांबी-रुंदी आजच्या लाकडाशी जुळते का ते पाहा.

लाकूड आणि खिळे

हौद्याच्या फळ्या कुठल्या लाकडाच्या, हे अनुभवी सुताराला ताज्या कापावरून सांगता येते. त्यासाठी फळीच्या न दिसणाऱ्या टोकाचा एक पातळ छिलका पुरतो. साग, बाभूळ, साल, शिसम असे ज्या भागात जे मिळे ते वापरले जाई. एकाच हौद्यात तीन जातींचे लाकूड असले तर लगेच संशय घेऊ नका. तळाच्या फळ्या सर्वांत आधी झिजतात, त्या बदलत राहणे हे ट्रकच्या कामाचाच भाग होता. उभे खांब, कोपरे आणि आडव्या तुळया मात्र सहसा बदलत नसत. वय ठरवायचे ते यांच्यावरून.

करवतीच्या रेघा पाहा. हाताने कापलेल्या लाकडावर त्या किंचित वाकड्यातिकड्या आणि कमीजास्त अंतरावर असतात, गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या, तर बँडसॉच्या सरळ आणि एकसारख्या. या रेघा वरच्या बाजूला झिजून जातात, खालच्या बाजूला टिकतात.

खिळ्याभोवतीचा काळा डागही खूप काही सांगतो. लाकडातला टॅनिन आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो आणि वर्षानुवर्षे खोल जातो. डाग आहे आणि खिळा नाही, तर ती फळी दुसरीकडून काढून इथे वापरलेली असू शकते. लाकूड जुने दिसते पण खिळ्याभोवती डागच नाही, तर खिळा अलीकडचा. जुन्या दिसणाऱ्या फळ्या जुळवून ‘ओरिजिनल बॉडी’ म्हणून विकलेली गाडी याच ठिकाणी उघडी पडते. झीजही अशीच ताडून पाहा. फळी पाऊण इंच झिजली असेल तर तिच्यातल्या बोल्टचे डोकेही घासलेले हवे.

केबिनमध्ये दाराचा आतला पत्रा किंवा प्लायवुड जपून सोडवा. दाराची चौकट लाकडी असून वर पत्रा ठोकलेला असेल, तर पत्र्याच्या दुमडीखाली सुताराने पेन्सिलीने लिहिलेली मापे, ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’ अशा खुणा सापडू शकतात. त्यांचा फोटो काढा आणि तिथे कापडसुद्धा फिरवू नका.

बॉडी बांधणाऱ्याची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी दारावर, फाळक्यावर वा केबिनच्या पाठीला असते. पट्टी हरवली तरी तिच्या चार भोकांचा चौकोन राहतो. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. फोन नंबर जितक्या कमी आकड्यांचा, तितकी पट्टी जुनी.

रंगाचे थर

रंग खरवडण्याआधी तो मोजा. बॉनेटच्या आतली कड, टूल बॉक्सचा आतला भाग, बिजागरीची मागची बाजू अशी ऊन-पावसापासून झाकलेली जागा निवडा. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या वर्तुळात हलके घासत जा. मध्यभागी पत्रा दिसू लागला की थांबा. भोवती एकेका रंगाचे वलय दिसेल. सर्वांत आतले प्रायमरचे, मग पहिला रंग, मग पुढचे. चासीचा, बॉनेटचा, केबिनचा आणि हौद्याचा असे चार ठिकाणचे नमुने घेऊन ते ताडून पाहा. केबिनवर पाच थर आणि हौद्यावर दोनच निघाले, तर हौदा नंतरचा आहे. डिस्पोजलच्या गाडीत तळाशी लष्करी हिरवट-खाकी थर भेटायला हवा.

अक्षरांसाठी रात्री काम करा. अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की रंगाखाली दबलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. मालकाचे नाव, गाव, ‘यू.डब्ल्यू.’ (रिकामे वजन) आणि ‘आर.एल.डब्ल्यू.’ (मालासह नोंदणीकृत वजन) पुढचे आकडे, पेंटरची कोपऱ्यातली सही. ‘पब्लिक कॅरियर’ ही अक्षरे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या परमिटची. १९८८ च्या कायद्यात तो वर्ग उरला नाही. तेव्हा ही अक्षरे ज्या थरावर आहेत तो थर बहुधा १९८९ च्या आधीचा.

पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे जाड लांबी भरलेली आहे. अशा जागा खडूने आखून ठेवा. पोच कुठे पडली, पत्रा कुठे सडला याचा तोच नकाशा.

निकाल काय लावायचा

एवढे झाल्यावर गाडी चारपैकी एका वर्गात बसते. पहिली बॉडी बऱ्याच अंशी शाबूत असेल तर फक्त जपणूक करायची. नवे काम कमीत कमी. बॉडी दुसरी किंवा तिसरी, पण गाडी कामावर असतानाच बांधलेली असेल, तरीही ती उतरवू नका, असे माझे ठाम मत आहे. १९५६ च्या चासीवर १९७४ चा हौदा असेल आणि त्या हौद्याने पंचवीस वर्षे माल वाहिला असेल, तर तोच या गाडीचा खरा इतिहास. त्याच्या जागी फोटोही उपलब्ध नसलेली ‘पहिली’ बॉडी बांधणे म्हणजे पुराव्याच्या जागी कल्पना ठेवणे. पेट्रोल इंजिन काढून पर्किन्स पी-६ डिझेल बसवलेले जुने अमेरिकी ट्रकही याच न्यायाने पाहावेत. डिझेलच्या ओढीने झालेला तो बदल भारतीय वाहतुकीच्या इतिहासाचा भाग आहे.

तिसरा वर्ग मिश्र बॉडीचा: केबिन पहिली, हौदा अलीकडचा लोखंडी. इथे केबिन जपावी आणि हौद्याचा निर्णय फोटो मिळाल्यावर घ्यावा. चौथा वर्ग म्हणजे सगळेच नवे. तिथे नवीन बांधायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त ते नवे आहे हे गाडीवर आणि कागदावर स्पष्ट लिहा.

जपणूक: थोडे करा, लिहून करा

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. सुटा केलेला प्रत्येक तुकडा क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवा. काहीही टाकू नका, सडलेली फळीसुद्धा; नव्या फळीची लांबी, जाडी आणि भोकांची जागा तीच सांगते.

साफसफाई कोरडी करा. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम यांनी निम्मे काम होते. उरलेले काम सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या सुती कापडाने, आधी कोपऱ्यात करून पाहून. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा लाकडी बॉडीवर मारू नका. पाणी सांध्यांत शिरते आणि आतून कुजवते. वाळूचा मारा म्हणजे सँडब्लास्टिंग, ते फक्त चासीच्या उघड्या, रंगाचा पुरावा नसलेल्या भागावर. पातळ पत्रा त्याने वाकतो आणि अक्षरे कायमची जातात.

लाकडाचे तीन शत्रू: ओल, वाळवी आणि भुंगेरे. सुईने टोचून पाहा. जिथे ती सहज आत जाते तेवढाच भाग कापा. नवा तुकडा त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा घेऊन तिरका जोड द्या आणि मागच्या बाजूला बसवल्याचे वर्ष कोरा. पुढे कुणी तपासायला आला तर जुने-नवे त्याला विनासायास कळेल. किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण हातमोजे घालून ब्रशने द्यावे. ते पाण्याने धुपते, म्हणून लाकूड वाळल्यावर वरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून टाका किंवा उघड्यावर पसरून वाळवा. हौद्याला जळके ऑइल लावायची जुनी सवय मात्र सोडा. त्यावर पुढे ना रंग धरतो ना डिंक, आणि आगीचा धोका वाढतो.

गंज वरवरचा असेल तर टॅनिक आम्लाचे द्रावण पुरे. गंजाचा काळसर, बऱ्यापैकी स्थिर थर होतो आणि वर मेण देता येते. बिजागऱ्या, कड्या, साखळ्या अशा सुट्या वस्तू धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून स्वच्छ होतात. हे उघड्या हवेतच करा, कारण हायड्रोजन वायू निघतो, आणि धन टोकाला साधे लोखंड लावा, स्टेनलेस स्टील नको. आरपार सडलेल्या पत्र्याला तेवढ्यापुरता तुकडा जोडा. अख्खे दार बदलू नका.

जुनी अक्षरे पोपडे धरत असतील तर वर वार्निश फासू नका, ते पिवळे पडते. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक रेझिन वापरतात, कारण ते नंतर विरघळवून काढता येते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. शाबूत रंगाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो.

गाडी ठेवायची जागा ही निम्मी जपणूक आहे. पक्की फरशी, वर छप्पर, बाजूंनी वारा. प्लास्टिकचे घट्ट आच्छादन पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते. ताडपत्री टाकायचीच तर बांबूच्या सांगाड्यावर, बॉडीला न टेकता. चासी ठोकळ्यांवर उचलून स्प्रिंगच्या पाट्यांवरचा आणि टायरवरचा भार कमी करा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असल्याने चासीच्या पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक दरवर्षी तपासा. हौद्यात उसाचे पाचट, धान्य, पोती ठेवू नका. उंदीर आणि वाळवी तिथूनच शिरतात.

जिवाशी खेळ नको

जुन्या ट्रकच्या चाकांना लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवा भरताना गोळीसारखी उडते आणि माणूस दगावतो. हवा नेहमी लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने भरा. काढण्यापूर्वी हवा पूर्ण सोडा. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. जुन्या रंगात आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असते. कोरडे घासकाम टाळा, मास्क वापरा, मुलांना दूर ठेवा. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन ओढून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून आधी हाताने फिरते का ते पाहा. टाकी वेल्ड करायची असेल तर ती रिकामी दिसते म्हणून विश्वास ठेवू नका; वाफ पेट घेते.

कायद्याची बाजू

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यांत येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे बॉडीबद्दलचा तुमचा पुरावा सरकारी कामातही उपयोगी पडतो. मात्र व्याख्या खासगी वापराची असल्याने मालवाहतुकीची नोंद असलेल्या ट्रकसाठी आधी आरटीओत लेखी विचारणा करा, खर्च मग करा. आरसीत नसलेला बॉडीचा बदल असेल तर त्याचीही तिथेच विचारणा करा. महाराष्ट्रात मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर २०१५ मध्ये बंदी आली. तुमच्या गाडीवर ती अक्षरे जुन्या थरातली असतील तर पुसू नका, पण रस्त्यावर नेताना झाका.

शेवटी एक विनंती. मापे, पान्यांची यादी, रंगाचे नमुने, फोटो, काय बदलले आणि कधी, हे सारे एका फाइलमध्ये लावा. एक प्रत गाडीत ठेवा, एक घरात. उद्या ट्रक विकलात, दान केलात किंवा मुलांच्या स्वाधीन केलात, तर ही फाइल आरसीबरोबर द्या. बॉडी मूळ आहे की नाही याचे उत्तर पुढच्या माणसाला ऐकीव गोष्टींतून शोधावे लागणार नाही, याची जबाबदारी आज गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याची.